आगाऊ नोंदणीचा लाभ आणि रजेचा हक्क

सफरीची जागा जितकी लवकर नोंदवावी तितकी ती स्वस्त पडते, हे वाक्य आता मध्यमवर्गीय घरांतून सुभाषितासारखे उच्चारले जाऊ लागले आहे. पूर्वी ते विमानाच्या तिकिटापुरते होते. आता ते जहाजावर जाऊन पोहोचले आहे. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे कॉर्डेलिया कंपनीची पर्यटन-जहाजे सुटू लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि २०२९ पर्यंत जहाज-पर्यटकांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २० सप्टेंबर २०२५ रोजी बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्यावर साडेपाचशे कोटींहून अधिक खर्च झाला असून वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे. या सर्व भव्यतेची एक लाट तळेगाव दाभाड्याच्या स्टेशन भागातील नव्या गृहसंकुलांपर्यंत येऊन थडकली आहे. सहा महिने, नऊ महिने, वर्षभर आधी नोंदणी करा आणि बचत करा, असा तिचा संदेश आहे.

हा संदेश खोटा आहे असे म्हणता येणार नाही. आगाऊ नोंदणीचे लाभ खरे आहेत आणि ते मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. जहाजातील खोल्या एकसारख्या नसतात. बिनखिडकीच्या आतल्या खोलीपासून सज्जा असलेल्या खोलीपर्यंत त्यांची प्रतवारी असते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, म्हणून वृद्ध प्रवाशांना तेथील खोली हवी असते, आणि त्या खोल्या आधी संपतात. शेजारशेजारच्या दोन खोल्या हव्या असणाऱ्या कुटुंबाला उशीर करून चालत नाही. जहाज भरत जाते तसे भाडे चढत जाते. आधी नोंदवणाऱ्याला रक्कम हप्त्यांनी भरण्याची सवलत मिळते, पारपत्र आणि व्हिसा यांसाठी वेळ मिळतो, आणि नऊ महिने वाट पाहण्याचा आनंद मिळतो तो वेगळाच. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि ज्याची रजा ठरलेली आहे त्याने लवकर नोंदणी करावी, यात वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या पायरीवर. लवकर नोंदवणारा दूरदर्शी, शिस्तीचा आणि हिशेबी; उशिरा येणारा ढिसाळ, म्हणून त्याने जास्त पैसे मोजावेत हे न्याय्यच होय, असा एक नैतिक निष्कर्ष या व्यवहारातून गुपचूप काढला जातो. हा निष्कर्ष तपासला पाहिजे. कारण तो जहाजावरच थांबलेला नाही. तो आगगाडीत आणि दिवाळीच्या बसमध्येही शिरला आहे.

सवलत म्हणजे व्याज

कंपनी सवलत का देते? ती परोपकार म्हणून देत नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्र नको. जहाजाचा खर्च बव्हंशी ठरलेला असतो. हजार प्रवासी असोत की दोन हजार, इंधन, खलाशी, बंदराचे शुल्क आणि कर्जाचे व्याज यांत फारसा फरक पडत नाही. धक्क्यावरून सुटलेल्या जहाजातील रिकामी खोली ही नासलेल्या भाजीसारखी असते. ती दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणून कंपनीला दोन गोष्टी हव्या असतात. एक, जागा भरणार याची आगाऊ खात्री. आणि दुसरी, खेळते भांडवल. प्रवासी या दोन्ही गोष्टी पुरवतो. सफर होण्यापूर्वी महिनोन् महिने त्याने भरलेली रक्कम ही कंपनीच्या वहीत देणे म्हणून नोंदली जाते, पण तिच्यावर व्याज द्यावे लागत नाही. कार्निव्हल या अमेरिकेतील बलाढ्य जहाज-कंपनीकडे २०२४ च्या मध्यास ग्राहकांच्या अशा आगाऊ ठेवी आठ अब्ज डॉलरांहून अधिक होत्या. रुपयांत हा आकडा पासष्ट हजार कोटींच्या पुढे जातो. बँकेकडून एवढे कर्ज काढायचे तर तारण लागले असते, व्याज लागले असते, आणि प्रश्न विचारणारा सावकार लागला असता. प्रवासी यांपैकी काहीच मागत नाही.

तेव्हा सवलत ही या कर्जावर मिळणारी व्याजाची एक पुडी आहे. ती कोणाला पचते, हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. उदाहरणादाखल, साठ हजार रुपयांची एक कौटुंबिक सफर नऊ महिने आधी पूर्ण पैसे भरल्यास पंधरा टक्के सवलतीने एक्कावन्न हजारांत मिळते असे धरू. बचत नऊ हजारांची. ज्याचे पैसे बँकेत सात टक्क्यांनी पडून आहेत त्याचे नऊ महिन्यांचे सुमारे २,७०० रुपये व्याज बुडेल. तरीही त्याला ६,३०० रुपयांचा निव्वळ लाभ होईल. आता ज्याच्यापाशी पैसे नाहीत आणि ज्याला चोवीस टक्क्यांनी छोटे कर्ज काढावे लागते त्याचा हिशेब मांडू. एक्कावन्न हजारांवर नऊ महिन्यांचे व्याज ९,१८० रुपये होते. सवलत सगळी व्याजात गेली आणि वर १८० रुपये पदरचे गेले. जहाज तेच, खोली तीच, सवलतीची जाहिरातही तीच; पण एकाला सहा हजारांचे बक्षीस आणि दुसऱ्याला दंड.

यात अनिश्चितीचा अंश अजून धरलेलाच नाही. पाच वेळांपैकी एकदा ऐन वेळी रजा नाकारली गेली आणि रद्द करण्याच्या अटींप्रमाणे निम्मी रक्कम बुडाली असे मानले, तर त्या जोखमीची सरासरी किंमत ५,१०० रुपये होते. ज्याची रजा पक्की आहे त्याच्यासाठी ही किंमत शून्य आहे. आगाऊ नोंदणीचा लाभ घेण्यासाठी दूरदृष्टीपेक्षा दोन मालमत्ता अधिक लागतात, त्या अशा: पडून असलेला पैसा आणि खात्रीची रजा. पहिल्या मालमत्तेविषयी समाजवादी चळवळीने पुष्कळ लिहिले आहे. दुसरीविषयी फार थोडे लिहिले गेले आहे, आणि तळेगाव–चाकण पट्ट्यात ती पहिलीइतकीच विषम वाटली गेली आहे.

रजा कोणाच्या हातात?

तळेगाव, नवलाख उंबरे, चाकण, भोसरी या पट्ट्यात एकाच छपराखाली तीन प्रकारचे कामगार राबतात. कायम कामगार, ठेकेदाराचे कामगार आणि प्रशिक्षणार्थी या नावाने उत्पादनाच्या साखळीवर उभे केलेले तरुण. गणवेश बहुधा सारखा असतो. रजेचा अर्थ मात्र तिघांसाठी वेगळा असतो. कायम कामगाराच्या वेतनकरारात रजा लिहिलेली असते. ठेकेदाराच्या कामगाराची रजा देखरेख्याच्या मर्जीवर असते, आणि मागणी वाढली की ती मर्जी आटते. गाड्यांचे उत्पादन सणासुदीच्या आधी वाढवले जाते. म्हणजे ज्या आठवड्यांत घरी जाण्याची ओढ सर्वांत अधिक असते त्याच आठवड्यांत जादा पाळीची सक्तीही अधिक असते.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. परंतु २४० दिवस ही अट झाली आणि ती भरू न देणे हा धंदा झाला. सात महिन्यांनी 'ब्रेक' देऊन पुन्हा नव्याने कामावर घेणे ही युक्ती या पट्ट्यातील प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती या विषयीच्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली आहे. ही सुधारणा आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. पण ज्याने २४० दिवस भरू दिले नाहीत तो १८० दिवस भरू देईल, असे मानण्याचे कारण नाही. कामगार मोजला गेला तरच दिवस मोजले जातील.

जुन्या अधिनियमातील आणखी दोन तरतुदी येथे आठवणे उपयुक्त आहे. कामगाराने रजा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी अर्ज करावा, अशी एक तरतूद होती. पंधरा दिवस! जहाज सहा ते बारा महिने आधी नोंदवायचे. आगगाडी पूर्वी १२० दिवस आधी आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी नोंदवायची. आणि रजेचा निर्णय मात्र पंधरा दिवसांच्या हिशेबाने. प्रवासाचे कॅलेंडर आणि कामाचे कॅलेंडर यांची गाठच पडत नाही. नाकारलेली रजा बुडत नाही, ती पुढील वर्षात ओढता येते, ही दुसरी तरतूद. रजा ओढता येते. पण त्या रजेसाठी काढलेले तिकीट ओढता येत नाही. रजा नाकारण्याचा निर्णय व्यवस्थापन घेते आणि बुडालेल्या तिकिटाची किंमत कामगार भरतो. निर्णय एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे. एखाद्या व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याशी असा करार केला असता तर न्यायालयाने त्याला भरपाई देण्यास लावले असते.

कायम कामगाराची निश्चितीही किती कायम असते, याचे उत्तर तळेगावनेच दिले आहे. २००८ पासून येथे मोटारी बांधणाऱ्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजाराहून अधिक कामगारांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे न्यायालयांत आणि मंत्रालयाच्या पायऱ्यांवर फिरत राहिला. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. यंत्रांना नवा मालक मिळाला. पण घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे यांचे वेळापत्रक आखून बसलेल्या कुटुंबांचा काळ कोणी भरून दिला नाही. अशा गावात उद्याची खात्री हा स्वभावाचा गुण मानणे ही क्रूर थट्टा होय.

'नियोजन हा गुण आहे'

यावर ठरलेले उत्तर येते की गरिबाला नियोजनाची सवय नसते. ज्यांनी कामगारवस्तीचा संसार पाहिला आहे त्यांना हे उत्तर हास्यास्पद वाटेल. भिशीचा हप्ता, गावच्या पेरणीसाठी पाठवायचे पैसे, बहिणीच्या लग्नासाठी दोन वर्षे आधी साठवलेले सोने, शाळेच्या फीची जूनची तरतूद हे सर्व आगाऊ नियोजनच आहे, आणि ते अल्प मिळकतीत केले जात असल्यामुळे व्यवस्थापकाच्या नियोजनापेक्षा अधिक कसोशीचे असते. भिशी लावणारी बाई बारा महिन्यांचा हिशेब तोंडपाठ सांगते. तिला नियोजन येते. तिच्या नवऱ्याला रजा केव्हा मिळेल हे तिला सांगता येत नाही, कारण ते त्यालाही ठाऊक नसते.

नियोजन करण्यासाठी काळावर मालकी लागते. ज्याचा काळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे त्याला नियोजनाचा उपदेश करणे म्हणजे भूमिहीनाला पीकपद्धतीचा उपदेश करण्यासारखे आहे.

याच्या उलट बाजूला केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचे उदाहरण पाहावे. त्याला प्रवास-सवलत रजा मिळते. चार वर्षांच्या गटात गावी जाण्याची आणि देशात कोठेही जाण्याची सोय असते, आणि तिकिटासाठी भाड्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत उचलही मिळते. म्हणून तो आगाऊ नोंदणी करू शकतो. त्याचा हेवा करण्याचे कारण नाही. त्याच्या संघटनांनी लढून मिळवलेली ती सोय आहे. पण ती काय सिद्ध करते? रजा ठरली आणि उचल मिळाली की सामान्य कारकूनसुद्धा 'दूरदर्शी' होतो. दूरदृष्टी त्याच्या स्वभावात नव्याने उगवली नाही. ती सेवानियमांतून आली. तेच नियम चाकणच्या ठेका-कामगाराला लावले, तर पहिल्याच वर्षी तोही तितकाच दूरदर्शी ठरेल.

जहाजावरून आगगाडीत

कोणी म्हणेल की जहाजाची सफर ही चैन आहे. चैनीच्या वस्तूची किंमत कशी ठरते याची चिंता समाजवाद्यांनी का करावी? जहाजापुरता प्रश्न असता तर हा आक्षेप मान्य करता आला असता. परंतु चैनीच्या बाजारात तयार झालेला नियम गरजेच्या बाजारात उतरण्यास वेळ लागत नाही. जागा भरत जाईल तसे भाडे चढवण्याची रीत विमानातून आणि जहाजातून आली. ९ सप्टेंबर २०१६ पासून ती राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या सार्वजनिक मालकीच्या गाड्यांना लावण्यात आली. दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी वाढायचे आणि ते दीडपटीपर्यंत जायचे, अशी सुरुवातीची योजना होती. त्याआधी १९९७ पासून तत्काळची सोय आली होती. तातडीच्या आजारपणासाठी, मयतीसाठी निघणाऱ्या प्रवाशाला आधार असे तिचे स्वरूप असावयास हवे होते. प्रत्यक्षात अनिश्चितीवर बसवलेला तो अधिभार ठरला.

दिवाळी आणि छठ या सणांना तळेगाव–चाकण पट्ट्यातून बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा आणि विदर्भाकडे निघणाऱ्या कामगारांची स्थिती पाहावी. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांसाठी त्यांना पुणे गाठावे लागते. साठ दिवस आधी आरक्षण खुले होते त्या सकाळी तो साखळीवर उभा असतो. मोबाईल बाहेर कपाटात असतो. संध्याकाळी प्रतीक्षायादी हाती येते. रजा मंजूर होते ती आठवडाभर आधी. मग उरतो तो अनारक्षित डबा किंवा खासगी बस. खासगी बसचे भाडे एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक असू नये असा राज्य सरकारचा एप्रिल २०१८ चा निर्णय आहे. दिवाळीच्या आठवड्यात पुण्याहून नांदेडला किंवा नागपूरला गेलेल्या कोणालाही या निर्णयाचे काय होते ते विचारावे. गणपतीत कोकणच्या गाड्या आरक्षण उघडताच काही मिनिटांत भरतात, हा अनुभव याच रोगाचे दुसरे लक्षण आहे.

कोकणचे नाव निघाले म्हणून आणखी एका गोष्टीची नोंद करणे आवश्यक आहे. मुंबईच्या समुद्राला प्रवासी जहाजे नवी नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या आगबोटींनी अनेक पिढ्यांच्या चाकरमान्यांना गावी पोहोचवले. ती वाहतूक निर्दोष नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडाली आणि शेकडो प्रवासी प्राणांस मुकले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. तरीही ती सामान्यांची वाहतूक होती. तिकीट काढायचे, वळकटी घेऊन तुतकावर बसायचे आणि आपल्या बंदरावर पडावात उतरायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली. आज त्याच समुद्रात, त्याच किनाऱ्यासमोरून नवी जहाजे जातात. पण ती दाभोळला वा विजयदुर्गला थांबत नाहीत. गावी जाणाऱ्याची बोट गेली आणि गाव दुरून पाहणाऱ्याची आली. सार्वजनिक पैशाने टर्मिनल उभारताना कोणती बोट आधी हवी, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोकणच्या चाकरमान्याला आहे.

आगाऊ रकमेचा राखणदार कोण?

पैसा आणि रजा दोन्ही असलेल्या मध्यमवर्गीयानेही आपण सुरक्षित आहोत अशा भ्रमात राहू नये. एप्रिल २०१९ मध्ये जलेश या कंपनीने 'कर्णिका' नावाचे जहाज मुंबईतून मोठ्या समारंभाने सुरू केले. महामारीचे वर्ष संपण्याआधीच कंपनी बंद पडली आणि ते जहाज अलंगच्या भंगारधक्क्यावर गेले. १७५८ पासूनची परंपरा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज ऑक्टोबर २०१९ मध्ये नादारीच्या प्रक्रियेत गेली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट यांची विमाने जमिनीवर आली. २०२० च्या टाळेबंदीत रद्द झालेल्या उड्डाणांचे पैसे परत देण्याऐवजी पुढे कधीतरी वापरायची जमा-चिठ्ठी प्रवाशांच्या हाती ठेवण्यात आली. परतफेडीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १ ऑक्टोबर २०२० रोजी द्यावा लागला.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत कंपनीची मालमत्ता विकल्यावर कोणाला आधी द्यायचे याचा क्रम ठरला आहे. तारण असलेल्या बँका आणि कामगारांची देणी वर आहेत, आणि कामगारांना तेथे स्थान आहे हे योग्यच आहे. ज्याने विश्वासाने नऊ महिने आधी पैसे भरले तो प्रवासी मात्र भागधारकांच्या किंचित वर, जवळपास तळाशी उभा आहे. त्याच्यापर्यंत येईतो भांडे रिकामे झालेले असते. आगाऊ नोंदणीच्या जाहिरातीत ही ओळ छापलेली नसते.

हे टाळता येण्याजोगे आहे. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने तेथील बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांच्या कंपन्यांना, सफर झाली नाही तर पैसे परत करण्याची आर्थिक हमी आधी दाखल करावी लागते. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून हवाई सहलींसाठी संरक्षणाची योजना आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही तेथील कंपनी कोसळली तेव्हा परदेशांत अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना सरकारी यंत्रणेने घरी आणले. आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने घर घेणाऱ्यांच्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन विकासकावर घातले. तळेगावात सदनिका नोंदवणाऱ्या कुटुंबाला जे संरक्षण आहे ते त्याच कुटुंबाने सफर नोंदवली तर का नसावे?

सुटी हा प्रश्न आपला आहे

आता चळवळीच्या आतून येणाऱ्या एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. किमान वेतन मिळत नाही, ठेकेदार भविष्यनिर्वाह निधी भरत नाही, अशा वेळी सहल आणि सुटी यांवर शाई का खर्चावी, असे काही निष्ठावान कार्यकर्ते म्हणतील. त्यांनी १९३६ च्या फ्रान्सकडे पाहावे. लिआँ ब्लूम यांच्या समाजवादी नेतृत्वाखालील लोकआघाडीच्या सरकारने त्या वर्षीच्या जूनमध्ये प्रत्येक कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. तेवढ्यावर ते थांबले नाही. ऑगस्टमध्ये लिओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने सुटीवर निघणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सवलत आली. त्याच उन्हाळ्यात लाखो कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आधी रजा, मग भाडे, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. त्या सवलतीसाठी कोणालाही वर्षभर आधी पैसे अडकवावे लागले नाहीत. आज त्या देशात रजेचा काळ कामगारांना दोन महिने आधी कळवावा लागतो, आणि निघण्याची तारीख एक महिन्याच्या आत आली की अपवादात्मक कारणाशिवाय मालकाला ती बदलता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या ठरावाने वर्षाला किमान तीन आठवड्यांची भरपगारी रजा सुचवली. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

आठ तासांच्या दिवसाची लढाई ही काळाच्या मालकीची लढाई होती. रजेची लढाई तिचाच उत्तरार्ध आहे.

तेव्हा तळेगाव–चाकण पट्ट्यातील संघटनांनी चार मागण्या पुढे न्याव्यात. पहिली, प्रत्येक कारखान्यात ठेका-कामगारांसह सर्वांच्या रजेचे वेळापत्रक किमान तीन महिने आधी फलकावर लागावे. कामगारांच्या प्रतिनिधींशी संमती करून वर्षभराची रजा-योजना आखण्याची तरतूद १९४८ च्या अधिनियमातच होती. ती वापरली गेली नाही एवढेच. दुसरी, मंजूर रजा व्यवस्थापनाने रद्द केली तर बुडालेल्या तिकिटाची पूर्ण भरपाई व्यवस्थापनाने द्यावी. ही एक अट वेतनकरारात आली की ऐन वेळी रजा नाकारण्याचे प्रमाण आपोआप उतरेल, कारण अनिश्चितीची किंमत ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्या खिशातून जाऊ लागेल. तिसरी, सहली आणि प्रवास यांच्या आगाऊ रकमा वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याचे बंधन कायद्याने यावे. चौथी, सणासुदीला पुण्याहून सुटणाऱ्या गाड्यांत अनारक्षित डबे आणि उशिरा रजा मिळालेल्यांसाठी अधिभाराविना राखीव जागा वाढवाव्यात, आणि खासगी बसच्या दीडपट मर्यादेची अंमलबजावणी दिवाळीच्या आठवड्यातच तपासावी.

मागण्यांबरोबर रचनात्मक कामही हवे, आणि त्यासाठी तळेगावला दूर जाण्याची गरज नाही. याच गावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. माणशी वर्षाला एक पैसा या हिशेबाने लोकांनी दिलेली ती आगाऊ रक्कमच होती. देणाऱ्याला सवलत नको होती. देशात काच तयार व्हावी आणि ती करणारे हात शिकावेत, एवढेच हवे होते. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशभरातील काचधंद्यात पसरले. एकट्याचा पैसा दुर्बळ असतो, एकत्र केलेला पैसा अटी घालू शकतो, हे त्या कारखान्याने दाखवले. कामगारांच्या पतसंस्था आणि संघटना हेच तत्त्व प्रवासाला लावू शकतात. पाचशे कामगारांची दिवाळीची वाहतूक एकत्र ठरवली, तर बसमालकाकडून किंवा सहल-कंपनीकडून भाव ठरवून घेता येतो, रक्कम संस्थेच्या खात्यात सफर होईपर्यंत राखता येते, आणि एकाची रजा नाकारली गेली तर त्याची जागा दुसऱ्याला देता येते. एकट्या माणसावर कोसळणारी अनिश्चिती पाचशेंत वाटली गेली की ती सोसण्याजोगी होते. विमा कंपन्या जे नफ्यासाठी करतात ते संघटना सोबतीसाठी करू शकते.

बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून जहाजे सुटत राहतील. ज्यांना शक्य आहे त्यांनी लवकर नोंदणी करावी आणि सज्जाच्या खोलीतून कोकणचा किनारा डोळे भरून पाहावा. पण त्या स्वस्त तिकिटाला आपल्या शहाणपणाचे प्रमाणपत्र समजू नये. ज्या दिवशी नवलाख उंबऱ्याच्या साखळीवरचा तरुण आपल्या आईला तीन महिने आधी निश्चित तारीख सांगू शकेल, आणि ती तारीख पाळली जाईल, त्या दिवशी आगाऊ नोंदणीचे लाभ सर्वांसाठी आहेत असे म्हणण्याचा अधिकार जाहिरातदारांना मिळेल. तोपर्यंत त्या लाभाचा अर्धा हिशेब कोणाच्या तरी नाकारलेल्या रजेच्या नावे लिहिलेला आहे.